शाळा दोनशे पावलांवर, तरी मुले कुंपणाबाहेर: प्रवेश नाकारता येतो का?

बार्देशवासी यांचा प्रश्न:

नमस्कार. मी गोव्यातील बार्देश तालुक्यातील एका गावात राहते. आमच्या घरासमोरच्या भाटात (बागायतीत) गेल्या चतुर्थीनंतर एका मोठ्या निवासी संकुलाचे काम सुरू झाले आणि कामगारांची वीसेक कुटुंबे तिथेच पत्र्याच्या खोल्यांत राहायला आली. त्यातली बहुतेक विजापूरकडची आहेत, दोन-तीन झारखंडची. सहा ते चौदा या वयाची अकरा मुले मी स्वतः मोजली आहेत आणि त्यांपैकी एकही शाळेत जात नाही. सरकारी मराठी प्राथमिक शाळा तिथून दोनशे पावलांवर आहे. त्या शाळेत पहिली ते चौथी मिळून यंदा तेरा मुले आहेत, आणि पट असाच घसरत राहिला तर शाळा बंद करून शेजारच्या गावातील शाळेत विलीन करतील, अशी चर्चा गावात दरवर्षी ऐकू येते.

या मुलांपैकी एका मुलीमुळे मी हे लिहायला बसले. ती नऊ वर्षांची असावी. दीड वर्षाचा भाऊ दिवसभर तिच्या कडेवर असतो. चिऱ्यांचा ट्रक रिकामा होऊ लागला की ती भिंतीपाशी उभी राहते आणि दर पाच चिऱ्यांमागे कोळशाने एक रेघ ओढते. मुकादम आपला हिशेब तिच्या रेघांवरून ताडून पाहतो, हे मी दोनदा पाहिले. मी तिला नाव लिहून दाखवायला सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "बरोवंक येना, मेजूंक येता." (लिहिता येत नाही, मोजता येते.) पाच महिन्यांत ही मुलगी बाजारात आणि नळावर ऐकून कोकणी शिकली आहे.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी तिला आणि तिच्या आईला घेऊन शाळेत गेले. मुख्याध्यापिका आमच्याशी आदराने बोलल्या, हे मुद्दाम सांगते. पण त्यांनी जन्मदाखला, आधार कार्ड आणि आधीच्या शाळेचा दाखला मागितला. यांपैकी काहीच नव्हते. मग त्या म्हणाल्या की वर्ष संपत आले आहे, तेव्हा जूनमध्ये या. आणि नऊ वर्षांची मुलगी पहिलीत सहा वर्षांच्या मुलांबरोबर कशी बसवणार? जूनमध्ये हे कुटुंब इथे असेल की नाही, ते तिच्या आईलाही सांगता येत नाही. पंचायतीत विचारले, तर एका पंचांनी ही माणसे आपल्या गावची नाहीत, त्यांचे कंत्राटदाराने पाहावे, असे उत्तर दिले.

माझा मुलगा अनुदानित शाळेत शिकतो आणि बालरथ या शाळेच्या बसने जातो-येतो. त्याच्या प्रवेशाच्या वेळी मी फाइलमधून जन्मदाखला काढून दिला आणि दहा मिनिटांत काम झाले. त्याच्या शिक्षकांचा पगार आणि त्याची बस यांचा खर्च सरकार करते. एका मुलासाठी सरकार इतके करते आणि रस्त्यापलीकडच्या मुलीला एका कागदापायी परत पाठवते, हे मला सहन होत नाही. कागद नाहीत म्हणून, वर्ष अर्धे झाले म्हणून किंवा वय वाढले म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येतो का? येत नसेल, तर मी नेमके कोणाकडे आणि कसे जावे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.


पणजीतील वकील यांचे उत्तर:

थोडक्यात उत्तर असे की नाकारता येत नाही. तुम्ही सांगितलेल्या तिन्ही कारणांपैकी एकाही कारणाने नाही.

२००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत अनुच्छेद २१-क आला आणि सहा ते चौदा वर्षे वयाच्या प्रत्येक बालकाला मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला. तो अमलात आणणारा शिक्षणहक्क अधिनियम २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्यात 'प्रत्येक बालक' असे म्हटले आहे. गावचे, तालुक्याचे किंवा राज्याचे बालक असे कुठेही म्हटलेले नाही. इतकेच नव्हे, तर कलम ९ मध्ये स्थानिक प्राधिकरणाची कर्तव्ये सांगताना स्थलांतरित कुटुंबांतील बालकांना प्रवेश मिळेल याची निश्चिती करणे, हे कर्तव्य स्वतंत्रपणे लिहिलेले आहे. तेव्हा 'ही माणसे आपल्या गावची नाहीत' हे पंचांचे म्हणणे कायद्याच्या नेमके उलट आहे. आपल्या गावची नसलेली मुले हीच तिथे डोळ्यांसमोर आहेत.

आता एकेक अडचण पाहू. वयाचा पुरावा नाही या कारणावरून कोणत्याही बालकाला प्रवेश नाकारता येणार नाही, असे कलम १४ सांगते. केंद्राच्या नमुना नियमांनुसार जन्मदाखला नसेल, तर रुग्णालयाची किंवा परिचारिकेची नोंद, अंगणवाडीची नोंद, आणि तेही नसेल तर आई-वडिलांनी लिहून दिलेले वयाचे निवेदन चालते. शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला, म्हणून प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही, हे कलम ५ मध्ये आहे. आणि ही मुलगी मुळात शाळेत गेलेलीच नसेल, तर तो दाखला असण्याचा प्रश्नच येत नाही. आधारच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचे करता येणार नाही, असे स्पष्ट केले आहे. 'जूनमध्ये या' याचे उत्तर कलम १५ मध्ये आहे: शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यानंतर आलेल्या बालकालाही प्रवेश द्यावाच लागतो. वर्गाचा प्रश्न कलम ४ ने सोडवला आहे. शाळेत न गेलेल्या नऊ वर्षांच्या मुलीला पहिलीत बसवायचे नाही, तिच्या वयाला साजेशा वर्गात, म्हणजे साधारण चौथीत, प्रवेश द्यायचा आणि तिथल्या मुलांच्या बरोबरीने येण्यासाठी तिला विशेष प्रशिक्षण द्यायचे. नमुना नियमांत या प्रशिक्षणाचा कालावधी किमान तीन महिने आणि कमाल दोन वर्षे ठेवला आहे.

'सक्ती' या शब्दाबद्दल थोडे लिहितो, कारण गैरसमजाचे मूळ तिथे आहे. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, त्यातील सक्ती प्रामुख्याने पालकांवर होती. ते विधेयक नामंजूर झाले. तेव्हापासून घटनेत हा मूलभूत हक्क येईपर्यंत ९१ वर्षे गेली, आणि या काळात सक्तीचा अर्थच बदलला. २००९ च्या अधिनियमाने कलम ८ मध्ये सक्तीच्या शिक्षणाची व्याख्याच सरकारचे दायित्व अशी केली आहे: मोफत शिक्षण पुरवायचे, आणि प्रवेश, उपस्थिती व शिक्षण पूर्ण होणे यांची निश्चिती करायची. मुलांना शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य म्हणून कलम १० मध्ये सांगितले आहे, पण ते न पाळल्याबद्दल शिक्षा ठेवलेली नाही. म्हणजे त्या आईने कागद गोळा करून दाराशी उभे राहायचे, ही कायद्याची कल्पनाच नव्हे. यंत्रणेने त्या पत्र्याच्या खोल्यांपर्यंत जायचे आहे.

मुख्याध्यापिकांना दोष देण्याची घाई करू नका. संगणकात विद्यार्थ्याची नोंद करताना आधारचा रकाना रिकामा ठेवला की पुढे विचारणा होते, आणि ती विचारणा मुख्याध्यापकांनाच होते. या धास्तीने बरेचजण आधी कागद आणि मग प्रवेश, असा क्रम लावतात. नोंद नंतर पूर्ण करता येते, प्रवेश मात्र आजच द्यायचा असतो, एवढे त्यांना शांतपणे सांगा.

आता कृती. प्रत्येक मुलासाठी वेगळा अर्ज, आई किंवा वडिलांच्या सहीने अथवा अंगठ्याने, मराठीत करा. त्यात वयाचे निवेदन घाला आणि कलम ४, ५, १४ व १५ यांचा उल्लेख करा. दोन प्रती न्या आणि एका प्रतीवर शाळेचा शिक्का, तारीख व सही घेतल्याशिवाय परत येऊ नका. तोंडी नकाराला उत्तर नसते, पण लेखी अर्ज नाकारायचा तर कारण लिहावे लागते, आणि कायद्यात बसणारे कारण तिथे नाही. आणखी एक प्रत तालुक्याच्या भागशिक्षणाधिकाऱ्यांना आणि एक पंचायतीला द्या. गोव्यात सरकारी प्राथमिक शाळा शिक्षण खाते चालवते, त्यामुळे खरी किल्ली भागशिक्षणाधिकाऱ्यांकडे आहे. पण पंचायतीच्या आवक नोंदवहीत तो अर्ज चढणे मला तितकेच महत्त्वाचे वाटते. तक्रार करायची वेळ आलीच, तर कलम ३२ खाली ती तीन महिन्यांच्या आत निकाली काढावी लागते आणि त्यावरचे अपील राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे जाते.


सत्तरीतील निवृत्त शिक्षिका यांचे उत्तर:

बार्देशवासी ताई, वकीलसाहेबांनी कायदा इतका नीट मांडला आहे की त्यात मला भर घालायची नाही. मी त्या दोनशे पावलांबद्दल लिहिते.

आमच्या गावात सरकारी मराठी शाळा सुरू झाली ती १९६४ साली, देवळाच्या अग्रशाळेत. गोवामुक्तीला तीन वर्षेही झाली नव्हती आणि पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने गावोगाव शाळा उघडण्याचा सपाटा लावला होता. गुरुजी घरोघरी फिरून मुले गोळा करायचे. माझ्या वडिलांना माझी जन्मतारीख सांगता आली नाही. भात कापणीच्या दिवसांतली आहे, एवढेच त्यांना ठाऊक होते. गुरुजींनी माझे दात पाहिले, उंची पाहिली आणि हजेरीपटावर १ जून लिहून टाकले. तीच तारीख माझ्या दहावीच्या प्रमाणपत्रावर, नोकरीच्या सेवापुस्तकात आणि आता निवृत्तिवेतनाच्या कागदांवर आहे. आमच्या पिढीतल्या कितीतरी गोमंतकीयांचा जन्मदिवस १ जून आहे, आणि त्याचे कारण एकच: कोणा गुरुजींना कागदापेक्षा मूल महत्त्वाचे वाटले. त्या काळी कागद मागितले असते, तर आमच्या वाड्यावरचे एकही मूल शिकले नसते. आपण ज्या शाळांत विनाकागद शिरलो, त्याच शाळांच्या दारात आज दुसऱ्यांच्या मुलांकडे कागद मागत आहोत, ही गोष्ट गोवेकर म्हणून माझ्या मनाला फार लागते.

नोकरीच्या शेवटच्या बारा वर्षांत माझ्या वर्गात रस्त्याच्या, धरणाच्या आणि खाणीच्या कामावर आलेल्यांची मुले असत. पहिला महिना अवघड जातो, हे मी लपवणार नाही. लमाणी बोलणारे मूल मराठी पुस्तकासमोर बसले की आधी गप्प बसते. पण मैदानावर ते कोकणी उचलते आणि मग कोकणीच्या आधाराने मराठी अक्षर. लिपी एकच असल्यामुळे ही पायरी त्याला सोपी जाते. मी कधीही अशा मुलाची सुरुवात 'अ अननसाचा' इथून केली नाही. ते जे रोज हाताळते, तिथून केली. तुमच्या त्या मुलीला पाचाचा पाढा शिकवण्याची गरज नाही, तो तिने भिंतीवर लिहिलेलाच आहे. तिच्या दोन रेघा जोडून दहाचा एक गठ्ठा करायला दाखवा, दहा गठ्ठ्यांचे शंभर होऊ द्या. आठवड्याभरात ती स्थानिक किंमत समजून घेईल, जी माझ्या चौथीतल्या मुलांना महिनाभर चकवायची. मोजणे ज्याला येते, त्याला 'काहीच येत नाही' असे शाळेने म्हणू नये.

तिच्या भावाचे काय, हे मात्र आधी ठरवा. मुलगी शाळेत न येण्याचे खरे कारण पुष्कळदा कागद नसतात, कडेवरचे भावंड असते. अंगणवाडीचे वर्ग तीन वर्षांपासून पुढच्या मुलांसाठी असतात. बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या केंद्रीय कायद्यात, तो २०२५ पर्यंत लागू होता तेव्हा, पाळणाघराची तरतूद होती, पण ती पन्नासपेक्षा जास्त महिला कामावर असतील तिथे. वीस कुटुंबांच्या जागेवर तीही लागू पडली नसती. म्हणजे दीड वर्षाच्या मुलाची जबाबदारी आपोआप नऊ वर्षांच्या बहिणीवर येऊन पडते. माझ्या वर्गात मागच्या बाजूला एक सतरंजी कायम अंथरलेली असे आणि तिच्यावर एखाद-दुसरे लहानगे झोपलेले असे. नियमात बसत होते का, ते मी कधी विचारले नाही. बहिणी मात्र रोज येत होत्या.


डिचोलीतील पालक यांचे मत:

वरील दोन्ही उत्तरे वाचली. मी विरोधासाठी विरोध करीत नाही, पण एक बाजू सुटते आहे असे वाटते.

माझ्या दोन मुली सरकारी मराठी शाळेत शिकतात. परवडत नाही म्हणून घातलेले नाही, विश्वासाने घातले आहे. त्या शाळेत प्रत्यक्षात एकच शिक्षिका चारही वर्ग सांभाळतात, कारण दुसऱ्यांना अधूनमधून अन्य कामासाठी बोलावले जाते. जानेवारीत वेगवेगळ्या वयांची, वेगवेगळ्या भाषांची सात-आठ मुले एकदम आली, तर माझ्या मुलींकडे कोण पाहणार? पट वाढावा असे सर्वांनाच वाटते, पण शिक्षक न वाढवता पट वाढला की आहेत तीही मुले मराठी शाळेतून निघून इंग्रजी माध्यमाकडे जातात. हे मी आमच्या गावात पाहिले आहे. मग शेवटी सरकारी शाळा म्हणजे फक्त मजुरांच्या मुलांची शाळा, असा शिक्का बसतो. अशाने समानता येत नाही, दोन वेगळ्या रांगा तयार होतात. वकीलसाहेबांनी आणि बाईंनी याचेही उत्तर द्यावे.


पणजीतील वकील:

तुमची काळजी रास्त आहे आणि तिचे उत्तरही त्याच कायद्यात आहे. अधिनियमाच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या वर्गांना साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, एकसष्ट ते नव्वद मुलांना तीन, याप्रमाणे शिक्षक द्यावे लागतात. तेरा मुलांच्या शाळेलाही दोन शिक्षक मिळणे हा त्या मुलांचा हक्क आहे. कलम २७ प्रमाणे शिक्षकांना जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका एवढी कामे सोडून इतर अशैक्षणिक कामांना जुंपता येत नाही. म्हणून तुमच्या शाळेत शिक्षिका एकट्या पडत असतील, तर ती तक्रार नव्या मुलांविरुद्ध नाही, खात्याविरुद्ध आहे, आणि ती करण्याचे साधन तुमच्या हातात आहे. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. समितीचा ठराव करून दुसरे शिक्षक मागा. पट वाढला की ती मागणी अधिक बळकट होते.


सत्तरीतील निवृत्त शिक्षिका:

दादा, तुमच्या मुलींचे नुकसान व्हावे असे इथे कोणालाच वाटत नाही. विशेष प्रशिक्षण म्हणजे नव्या मुलांना त्याच तासाला त्याच शिक्षिकेने वेगळे शिकवणे नव्हे. त्यासाठी वेगळी व्यवस्था मागता येते आणि ती मागायलाच हवी. न मागता मिळत नाही, हा माझा अनुभव आहे. दोन रांगांची भीती मात्र खरी आहे. ती रांग मोडायची, तर तुमच्यासारख्या पालकांनी मुली तिथेच ठेवल्या पाहिजेत. तुम्ही विश्वासाने घातल्या आहेत, असे लिहिलेत. ते वाक्य मी दोनदा वाचले.


मडगावमधील वाचक यांचे मत:

समानतेचा विषय निघाला आहे, म्हणून एक मुद्दा. अनुदानित शाळांनाही त्यांना मिळणाऱ्या अनुदानाच्या प्रमाणात, आणि किमान २५ टक्के मुलांना, मोफत शिक्षण देणे कलम १२ ने बंधनकारक केले आहे. पण सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या प्रमती निकालानंतर अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा, मग त्या अनुदानित असोत वा विनाअनुदानित, या अधिनियमाच्या कक्षेबाहेर राहिल्या. गोव्यात अशा शाळांची संख्या मोठी आहे. कोणाच्या हेतूविषयी मी बोलत नाही. त्या शाळांनी गोव्याच्या शिक्षणासाठी पिढ्यान्‌पिढ्या जे केले, ते मी स्वतः अनुभवले आहे. पण परिणाम असा की स्थलांतरितांच्या मुलांना सामावून घेण्याचा भार जवळजवळ संपूर्णपणे सरकारी प्राथमिक शाळांवर येतो. बालरथाची बस अनुदानित शाळांना मिळते आणि सरकारी प्राथमिक शाळेतले मूल चालत येते. गावागावांत शिक्षणाच्या माध्यमाच्या प्रश्नावर आपण १९९० पासून वाद घालत आलो. त्या वादात एकाही बाजूने या मुलांची बाजू मांडल्याचे मला आठवत नाही.


वास्कोतील वाचक यांचे मत:

भाषेबद्दल थोडेसे. आमच्या बायणा-सडा भागात कन्नड माध्यमाच्या शाळाही आहेत. मुलाला शक्य तितके मातृभाषेतून शिकवावे, असे २००९ चा अधिनियमही सांगतो आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांसाठी प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी कराव्यात, असे अनुच्छेद ३५०-क सांगतो. जिथे अशी शाळा जवळ आहे, तिथे आई-वडिलांना तो पर्याय जरूर सांगावा. पण बार्देशातल्या मुलांना वास्कोच्या कन्नड शाळेचे नाव सांगणे म्हणजे त्यांना नाहीच म्हणणे. सहा वर्षांच्या मुलासाठी चालत जाता येईल ती शाळा खरी. नमुना नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरचे अंतर उगाच धरलेले नाही.


बार्देशवासी:

सर्वांचे मनापासून आभार. अडीच आठवड्यांनी पुन्हा लिहीत आहे.

अकरा मुलांचे अकरा अर्ज केले. त्यातल्या तीन कुटुंबांनी नंतर माघार घेतली, कारण पुढच्या महिन्यात ती फोंड्याकडे दुसऱ्या कामावर जाणार आहेत. आठ अर्ज घेऊन मी आणि दोन आया शाळेत गेलो. मुख्याध्यापिकांनी कलमे लिहिलेला अर्ज शांतपणे वाचला, भागशिक्षणाधिकाऱ्यांना आमच्यासमोरच फोन केला आणि पोच म्हणून शिक्का मारून दिला. फोन ठेवल्यावर त्या म्हणाल्या की हे असे लेखी कोणी आणून दिले असते, तर त्यांनाही आधीच बळ मिळाले असते. पंचायतीत अर्ज घ्यायला दोन फेऱ्या माराव्या लागल्या, पण तिथेही तो आवक नोंदवहीत चढला.

गेल्या सोमवारपासून सात मुले शाळेत जात आहेत. विशेष प्रशिक्षणासाठी वेगळी व्यक्ती अजून मिळालेली नाही. त्याचा ठराव व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत घेणार आहेत, आणि तोपर्यंत दुपारी एक तास मी व गावातील एक बी. एड. झालेली मुलगी तिथे जाऊन बसतो. ती चिरे मोजणारी मुलगी पहिल्या दिवशी भावाला कडेवर घेऊनच आली आणि दारात थांबली. बाईंनी लिहिलेली सतरंजीची गोष्ट मी मुख्याध्यापिकांना सांगितली होती. त्यांनी काही न बोलता कपाटातून चटई काढली आणि मागच्या भिंतीपाशी अंथरली. मधल्या सुट्टीत मध्यान्ह आहाराचा पाव आणि भाजी आली, तेव्हा तिने अर्धा पाव त्याच्यासाठी बाजूला ठेवला. बचत गटाच्या बाईंनी ते पाहिले आणि दुसऱ्या दिवसापासून एक पाव जास्त आणायला सुरुवात केली. दहाचे गठ्ठे तिला दोन दिवसांत आले. नाव लिहिताना मात्र ती पेन्सिल कोळशासारखी मुठीत धरते, ते सुटायला वेळ लागेल.

आठवा अर्ज तिच्या मोठ्या चुलतभावाचा आहे. तो तेरा वर्षे पूर्ण झालेला आहे, कधीकाळी गावी दुसरीपर्यंत गेला होता आणि आता वडिलांबरोबर सळ्या वाकवायला जातो. त्याचे वडील म्हणतात की वर्षभरात तो चौदाचा होईल, मग शाळा मोफत राहणार नाही आणि मधेच सोडावी लागेल. त्यापेक्षा हात कामात बसलेला बरा. त्यांना काय सांगू?


पणजीतील वकील:

त्यांना सांगा की चौदा वर्षे पूर्ण झाली तरी शिक्षण मोफतच राहील. कलम ४ च्या शेवटी तसे परंतुक आहे: अशा रीतीने वयानुरूप वर्गात प्रवेश घेतलेल्या बालकाला चौदा वर्षांनंतरही प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवीपर्यंतचे शिक्षण, पूर्ण होईपर्यंत मोफत शिकण्याचा हक्क आहे. शिवाय बालकामगार कायद्याच्या २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणे हा गुन्हा आहे. कुटुंबाला शाळा सुटल्यावर मदत करण्याची मुभा कायद्यात आहे, पण ती धोक्याच्या कामांना लागू नाही. हे कंत्राटदाराला कळू द्या, वडिलांना मात्र धाक घालू नका. मुलाची मजुरी त्यांच्या घरखर्चातून वजा होणार आहे.

मुलगा तेरा वर्षांचा असल्यामुळे त्याचा अर्ज प्राथमिक शाळेत न देता पाचवीपासून पुढचे वर्ग असलेल्या जवळच्या सरकारी विद्यालयात द्यावा लागेल. प्रवेश चौदा पूर्ण होण्यापूर्वी झालेला बरा, म्हणून याच आठवड्यात जा आणि तारखेचा शिक्का घ्या.


सत्तरीतील निवृत्त शिक्षिका:

आणि ताई, फोंड्याला निघालेल्या त्या तीन कुटुंबांचे अर्जही मागे घेऊ नका. तीन आठवड्यांसाठी का होईना, मुलांची नावे पटावर येऊ द्या. निघताना शाळा सोडल्याचा दाखला मागा; तो लगेच देणे मुख्याध्यापकांवर बंधनकारक आहे. प्रत्येक दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आईच्या हातात द्या आणि दोन झेरॉक्स तुमच्याकडे ठेवा. फोंड्यात ज्या गावी ती उतरतील, त्या गावाचे नाव इथे कळवा. तिथल्या शाळेत माझ्याबरोबर काम केलेली कोणीतरी असेलच, मी फोन करते.